आपली एमटीबी आणि तिच्या वाटा : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही वाचकांना दोनच गोष्टी विचारल्या होत्या : आपल्याकडे कोणती एमटीबी (माउंटन बाइक, म्हणजे डोंगरी सायकल) आहे आणि ती आपण कोठे चालवता. आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांत पहिल्या प्रश्नाचे उत्तर पानभर आणि दुसऱ्याचे एका ओळीत होते. गियर किती, ब्रेक कोणते, फोर्क (पुढचे चाक धरणारा दुपाखी भाग) कुणाचा हे सारे तपशीलवार लिहिलेले; परंतु ज्या वाटेवर ही सायकल धावते ती डांबरी आहे, मुरमाची आहे की कातळाची, हे पुष्कळदा मजकुरावरून ताडावे लागले. पुढील उत्तरांत आम्ही वाट आधी आणि सायकल नंतर असा क्रम ठेवला आहे. सायकलींच्या कंपन्यांची नावे गाळली आहेत, कारण ज्या किमतीच्या सायकलींबद्दल बहुसंख्य वाचकांनी लिहिले आहे, त्या किमतीत सांगाड्यावरचे नाव बदलले तरी गियर, ब्रेक आणि फोर्क जवळजवळ त्याच मोजक्या पुरवठादारांचे असतात.

प्रश्न : माझ्याकडे २६ इंची चाकांची, २१ गियरची आणि पुढे सस्पेन्शन असलेली जुनी एमटीबी आहे. रोज कार्यालयात जाण्यायेण्यासाठी आणि अधूनमधून रविवारी सिंहगडाचा घाट चढण्यासाठी मी ती वापरतो. घाटात ती अतिशय जड जाते. दुकानदार २९ इंची, १२ गियरची सायकल घेण्याचा आग्रह करीत आहे. घ्यावी का? — एक वाचक, कोथरूड, पुणे

आपण वर्णन केलेल्या दोन्ही वाटा डांबराच्या किंवा काँक्रीटच्या आहेत, ही बाब प्रथम लक्षात घ्यावी. सिंहगडावर जाणारा गाडीरस्ता चढाचा आहे, पण खडबडीत नाही. अतकरवाडीची पायवाट खडबडीत आहे, पण ती चालणाऱ्यांची आहे आणि रविवारी सकाळी तर तेथे पायी चालायलाही जागा शोधावी लागते. म्हणजे आपल्या वापरात डोंगरी सायकलीच्या डोंगरी गुणांना आज वावच नाही, त्यांचा भार मात्र आपण दर वेळी गडावर चढवीत आहात.

हा भार तीन ठिकाणी आहे. स्वस्त सायकलींवरचा स्प्रिंगचा फोर्क एकटाच अडीच किलोच्या आसपास भरतो, आणि आपण चढावर उभे राहून पेडल मारू लागलात की पायांच्या जोरातला काही भाग तो खाली-वर होण्यातच घालवतो. फोर्कच्या उजव्या माथ्यावर फिरवायची चकती असेल, तर घाटाच्या पायथ्याशी ती फिरवून सस्पेन्शन बंद करावे. पुष्कळांना ती चकती कशासाठी आहे हे सायकल घेतल्यावर कुणी सांगितलेलेच नसते. दुसरी जागा टायरची. जाड गोट्यांचे टायर डांबरावर घरंगळत नाहीत, ते रस्त्याला घासत जातात, आणि त्यांचा तो घुर्रर्र आवाज म्हणजे वाया जाणारी मेहनतच होय. त्यांच्या जागी २६ इंची, पावणेदोन इंच रुंदीचे गुळगुळीत टायर बसवून त्यांत ५० ते ६० पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) हवा ठेवावी. तिसरी आणि घाटासाठी सर्वांत महत्त्वाची जागा गियरची.

येथे थोडे गणित करू. आपल्या सायकलीच्या पुढच्या लहान चकतीला बहुधा २४ दात आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीला २८ दात असावेत. २६ इंची चाकाचा परीघ सुमारे २ मीटर ५ सेंटिमीटर धरला, तर सर्वांत हलक्या गियरमध्ये पेडलच्या एका फेऱ्याला सायकल पावणेदोन मीटर पुढे जाते. मागचा फ्रीव्हील (मागच्या चाकावरच्या चकत्यांचा संच) बदलून ३४ दातांचा बसवला, तर हेच अंतर सुमारे १ मीटर ४५ सेंटिमीटर होते. दुकानदार दाखवीत असलेल्या नव्या सायकलीला पुढे ३२ आणि मागे ५१ दात असतील, तर तिचे चाक मोठे असल्यामुळे तीही एका फेऱ्याला साधारण १ मीटर ४४ सेंटिमीटरच जाते. घाट चढण्याच्या दृष्टीने दोन्हींत फरक उरत नाही. मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) ३४ दात पेलतो का, आणि त्यासाठी चेन लांब करावी लागेल का, एवढे मेकॅनिककडून पाहून घ्यावे. नवी सायकल घेऊ नका असे आमचे म्हणणे नाही. परंतु ती घ्यायचीच असेल आणि वाटा याच राहणार असतील, तर ती एमटीबी नसावी. सस्पेन्शन नसलेली हायब्रिड (रस्त्याची आणि डोंगरी यांच्यामधली सायकल) आपल्याला अधिक सुख देईल.

उतरताना एक पथ्य पाळावे. संपूर्ण घाटभर ब्रेक हलके दाबून ठेवण्याची सवय असते. त्याने पॅड आणि डिस्क तापतात आणि नेमकी गरज असते तेव्हा ब्रेक कमी लागतात. वळणापूर्वी सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक जोराने लावून वेग उतरवावा आणि वळणात ते सोडावेत.

प्रश्न : आमच्या गटात सात-आठ जणांकडे चांगल्या हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेल्या) सायकली आहेत. सप्टेंबरमध्ये कास पठारावर, रस्ता सोडून आतल्या भागात सायकली चालवण्याचा विचार आहे. कोणते टायर योग्य ठरतील? — एक वाचक, सातारा

कोणतेही नाहीत. पश्चिम घाटातील ज्या स्थळांना २०१२ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला त्यांत कास आहे, एवढ्यावरून हा नकार दिलेला नाही. पठाराची रचनाच चाक सोसणारी नाही. जांभ्याच्या सड्यावर मातीचा थर जेमतेम काही सेंटिमीटरांचा असतो. सप्टेंबरात तो पाण्याने फुगलेला असतो आणि सीतेची आसवे ही इवलीशी निळी-जांभळी फुले त्याच ओल्या थरावर उगवतात. त्यावरून टायर गेला की चर पडते, पुढच्या पावसाचे पाणी त्या चरीतून धावते आणि चरीतली माती कातळापर्यंत धुऊन नेते. नव्याने माती साठायला किती काळ लागेल याचा हिशेब आपल्या आयुष्यात बसणारा नाही. पायी येणाऱ्यांवरही तेथे हंगामात संख्येची आणि मार्गाची बंधने असतात, मग सायकलींना मोकळीक कशी मिळावी?

आपल्या गटासाठी सातारा–यवतेश्वर–कास–बामणोली हा रस्ता आहे. साताऱ्यापासून कास सुमारे २५ किलोमीटर, आणि त्यापुढे बामणोलीकडे कोयनेच्या जलाशयापर्यंत उतार. हा उतार परतीच्या वेळी चढ होतो, हे जेवणाच्या आधी आठवावे, नंतर नव्हे. हंगामातील शनिवार-रविवार टाळले नाहीत, तर मात्र आपला बहुतेक वेळ मोटारींच्या रांगेतच जाईल.

हार्डटेलचा खरा उपयोग करायचा असल्यास डिसेंबर ते मार्च या काळात कृष्णाकाठच्या गावांमधील पाणंदी आणि बैलगाडीच्या वाटा धराव्यात. ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांनी या वाटा इतक्या उखळलेल्या असतात, की सायकल हाताळण्याचा सराव त्यांच्यावर आपोआप होतो. वाट कुणाच्या बांधावरून जात असेल, तर मालकाला विचारून जावे. अशी परवानगी नाकारली गेल्याचा आमचा अनुभव फार थोडा आहे आणि चहाचा आग्रह झाल्याचा पुष्कळ आहे.

प्रश्न : पन्हाळा ते पावनखिंड ही वाट सायकलीने करता येईल का? माझ्याकडे २९ इंची हार्डटेल आहे, पुढे १०० मिलिमीटरपर्यंत दबणारा एअर फोर्क (स्प्रिंगऐवजी हवेवर चालणारा). — एक वाचक, कोल्हापूर

संपूर्ण वाट सलग सायकलीवर बसून होणार नाही, पण तिचा मधला भाग आपल्या सायकलीसाठीच घडवला आहे असे वाटावे इतका चांगला आहे. पन्हाळ्यावरून निघून म्हाळुंगेमार्गे मसाई पठारावर चढले, की पुढे बराच काळ मोकळा, सपाट, बारीक खड्यांचा सडा लागतो. २९ इंची चाक अशा ठिकाणी छोटे दगड आणि खळगे सहज ओलांडते, कारण चाक जितके मोठे तितका अडथळ्याशी होणारा त्याचा कोन कमी. येथे टायरमधील हवा हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे. टायरच्या कडेवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, शिफारस नव्हे. तरीही पंपवाला तेवढी हवा भरून देतो आणि मग सायकल दगडादगडावरून उडत जाते. सव्वादोन इंच रुंदीचा टायर, आत ट्यूब आणि स्वाराचे वजन ७० किलोच्या आसपास असेल, तर पुढे २८ आणि मागे ३२ पीएसआय येथून सुरुवात करावी. रिम दगडावर आपटल्याचा ठक्क आवाज आला, तर दोन-दोन पीएसआयने वाढवावी.

पठार संपून कुंभारवाडीकडे उतरू लागले, की वाटेचा स्वभाव बदलतो. सुटा घसारा, त्यात अर्धवट रुतलेले दगड आणि मध्येच पाण्याने खणलेल्या नाळी. घसाऱ्यावर पुढचा ब्रेक जोराने लावला, तर चाक बाजूला सरकते. शरीर मागे, सीट खाली आणि दोन्ही ब्रेक हळुवार, असे उतरावे, आणि शंका आली तर सायकल हातात धरून उतरावे. त्यापुढे पांढरेपाण्यापर्यंत वाड्यावस्त्या, खाचरे, ओढे आणि झाडीतले चढ येतात; तेथे सायकल खांद्यावर घेण्याचे प्रसंग येणारच. पहिल्या वेळी पन्हाळा–मसाई–पन्हाळा एवढाच बेत करावा.

काळाविषयी आग्रहाने सांगावेसे वाटते. जुलै १६६० मधील त्या रात्रीच्या स्मरणार्थ दरवर्षी आषाढात शेकडो लोक ही वाट चालतात. त्या दिवसांत चिखल, धुके आणि माणसांची रांग या तिन्हींत सायकल आणणे चालणाऱ्यांच्या दृष्टीने उपद्रवाचे होते. नोव्हेंबरनंतर जावे.

प्रश्न : मुलाला, वय १३, राष्ट्रीय उद्यानात एमटीबी चालवायची आहे. आतल्या जंगलवाटांवर नेऊ का? — एक पालक, मालाड, मुंबई

नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात सायकलीसाठी योग्य मार्ग म्हणजे कान्हेरी लेण्यांकडे जाणारा पक्का रस्ता. आतल्या वाटांवर वनखात्याच्या परवानगीशिवाय पायीदेखील जाता येत नाही, आणि तो बिबट्यांचा वावर असलेला भाग आहे. कान्हेरीचा रस्ता शेवटच्या टप्प्यात चांगलाच चढतो, त्यामुळे तेराव्या वर्षी तो मुळीच कमी नाही. सोमवारी उद्यान पर्यटकांसाठी बंद असते. परतीच्या उतारावर माकडे रस्त्यात येतात. हातात खाऊची पिशवी असू नये.

प्रश्न : माझी उंची पाच फूट एक इंच आहे. दुकानात १८ इंची फ्रेमची एमटीबी ‘सीट खाली केली की बसेल’ असे सांगून मला देण्यात आली. पांडवलेण्यांच्या परिसरात आणि गंगापूर धरणाच्या बाजूला तासभर चालवली की मान, खांदे आणि तळवे दुखतात. हँडल बदलावे का? — एक वाचिका, नाशिक

बाई, दोष आपल्या मानेत नाही आणि हँडलातही नाही. १८ इंची फ्रेम साधारणपणे साडेपाच फुटांपेक्षा उंच स्वारासाठी असते. सीट खाली करून पाय पुरतात, पण सीट आणि हँडल यांच्यामधले अंतर तसेच राहते. आपण पुढे ताणल्या जाता, शरीराचा भार तळव्यांवर येतो आणि समोर पाहण्यासाठी मान उचलून धरावी लागते. शिवाय सायकलीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकून उभे राहिल्यावर आडव्या नळीच्या वर निदान तीन-चार बोटांची मोकळी जागा हवी, ती आपल्याला मिळत नसणार. सपाट रस्त्यावर हे केवळ गैरसोयीचे असते. उताराच्या कच्च्या वाटेवर अचानक पाय टेकावा लागला, तर ते दुखापतीचे कारण ठरते.

तात्पुरता उपाय म्हणून स्टेम (हँडल फ्रेमच्या पुढच्या भागाला जोडणारा आखूड दांडा) बदलून पाहावा. सध्याचा ९० मिलिमीटरचा असेल, तर ५० मिलिमीटरचा बसवल्याने हँडल चार सेंटिमीटर जवळ येते. हँडल फार रुंद असल्यास दोन्ही टोकांकडून थोडे कापून घेता येते, पण कापलेले जोडता येत नाही, म्हणून एका वेळी एकेक सेंटिमीटर. सीटची उंची अशी ठेवावी, की टाच पेडलवर ठेवून पेडल सर्वांत खाली नेल्यावर गुडघा सरळ होईल. मग पायाचा चवडा पेडलवर आला, की गुडघ्यात योग्य तेवढा बाक राहतो. मात्र हे सारे ठिगळ आहे. सायकल विकून १४ किंवा १५ इंची फ्रेम घ्यावी, हाच आमचा सल्ला. तिच्यासाठी ‘लेडीज’ अशी चिठ्ठी लावलेली सायकलच शोधण्याची गरज नाही. माप जुळले पाहिजे, रंग कोणताही असो.

प्रश्न : आमच्या भागात माळरान भरपूर, पण वेड्या बाभळीच्या काट्यांनी प्रत्येक फेरीत पंक्चर होते. ट्यूबलेस करावे का? पावसाळ्यात काय करावे? — एक वाचक, बार्शी

काट्यांच्या मुलखात ट्यूबलेसइतका उपयोगी खर्च दुसरा नाही, परंतु आधी रिम आणि टायर दोन्ही ट्यूबलेससाठी बनवलेले आहेत का हे तपासावे. साध्या रिमवर चिकटपट्टी लावून केलेला जुगाड कमी हवेत, वळणावर, एकाएकी सुटतो. रिम साधे असेल, तर ट्यूबमध्येच सीलंट भरावे. मोटारसायकलीसारखा जाड व्हॉल्व्ह असला, तर त्याची आतली पिन काढून हे काम घरी होते. सीलंट हा रबराच्या चिकाचा द्रव असतो आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो लवकर वाळतो, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी टायर हलवून आत द्रवाचा आवाज येतो का पाहावे. ट्यूबलेसमध्ये बारीक काटा रुतला आणि हवा जात नसेल, तर तो घरी पोहोचेपर्यंत उपटू नये.

पावसाळ्याविषयी थोडक्यात : काळ्या मातीत जाऊ नये. ती टायर आणि फ्रेम यांच्यामध्ये थरावर थर साचून चाक अक्षरशः थांबवते, आणि तशाच स्थितीत जोर लावला, तर डिरेलर मागच्या आऱ्यांत ओढला जाऊन मोडतो. मुरमाचा किंवा खडकाळ माळ पाऊस थांबल्यावर काही तासांत वापरण्याजोगा होतो. काळ्या रानाला दोन-तीन कोरडे दिवस द्यावे लागतात.

प्रश्न : मी दिवाडी आणि चोडण बेटांवर सायकल चालवतो. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक पावसात किंचाळतात आणि लागतही नाहीत. मेकॅनिकने मोटारसायकलीचे ब्रेक ऑइल घालण्यास सुचवले आहे. — एक वाचक, म्हापसा, गोवा

ते घालू देऊ नये. सायकलींच्या ब्रेकमध्ये दोन वेगळ्या जातींचे द्रव चालतात : काहींत खनिज तेल, काहींत मोटारींप्रमाणे डॉट द्रव. खनिज तेलाच्या ब्रेकमध्ये डॉट घातले, तर आतील रबरी सील फुगून खराब होतात आणि पूर्ण ब्रेक बदलावा लागतो. कोणते चालते ते ब्रेकच्या दांडीवर किंवा तिच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेले असते.

आपल्या तक्रारीचे मूळ बहुधा तेथे नाहीच. पावसाळ्यात चेनवर तेलाची फवारणी करताना ते मागच्या डिस्कवर उडते, पॅड ते शोषून घेतात आणि ब्रेक किंचाळू लागतो. चेनला तेल थेंबाथेंबाने घालावे. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. पॅड बाहेर काढून काचकागदावर घासून पाहावेत आणि तरीही फरक पडला नाही, तर नवे घालावेत. जांभ्याची लाल माती आणि खारी हवा या दोन्हींमुळे फेरीनंतर गोड्या पाण्याने सायकल धुणे आवश्यक आहे. मात्र पाण्याचा जोराचा झोत बेअरिंगवर मारू नये.

एक विनंतीही आहे. खाजन शेतीचे (खाडीकाठच्या सखल जमिनीतल्या शेतीचे) बांध सायकलीला मोह पाडणारे आहेत, पण ते मातीचे आहेत आणि त्यांच्यावर शेताचे खाऱ्या पाण्यापासूनचे रक्षण अवलंबून आहे. पावसाळ्यात बांध मऊ झालेले असताना बेटावरच्या रस्त्यांनीच फिरावे.

प्रश्न : मी बारा वर्षे कॅलिफोर्नियात आहे. १४० मिलिमीटर दबणारी फुल सस्पेन्शन (पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली) सायकल चायना कॅम्प आणि टॅमरँचो येथे चालवतो. आता कुटुंबासह पुण्यात परतत आहोत. ती सायकल आणि पत्नीची ई-एमटीबी (बॅटरी आणि मोटर असलेली एमटीबी) आणावी का? — एक वाचक, फ्रीमाँट

आपण ज्या मरिन परगण्यात सायकल चालवता, तेथेच या सायकलीचा प्रकार आकाराला आला. १९३० आणि ४० च्या दशकांतील जाड टायरच्या जुन्या सायकली घेऊन काही तरुण फेअरफॅक्सजवळच्या कच्च्या रस्त्यांवरून खाली सुटत आणि २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी पहिली ‘रीपॅक’ शर्यत घेतली. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात असे. एका उतारात तो इतका तापायचा, की आतले ग्रीस धुरावाटे निघून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. शर्यतीचे नाव त्यावरून पडले. आमच्या कोथरूडच्या वाचकाकडे असलेले २६ इंची चाक हा त्याच जुन्या सायकलींचा वारसा आहे. गंमत अशी, की त्याच मरिनमध्ये आज बहुतेक अरुंद पायवाटांवर सायकलींना मज्जाव आहे आणि रुंद कच्च्या रस्त्यांवर ताशी १५ मैलांची मर्यादा. चायना कॅम्पला एवढे महत्त्व आहे ते तेथील पायवाटा सायकलींना खुल्या आहेत म्हणूनच. तेव्हा पुण्याच्या टेकड्यांवर चालणारे आणि सायकलवाले यांच्यातील कुरबुरी पाहून आपल्याला परके वाटणार नाही. वेताळ टेकडीवर भल्या सकाळी ज्येष्ठ नागरिकांची वर्दळ असते. तेथील प्रवेशद्वारावर वनखात्याचा जो फलक असेल, तो अखेरचा शब्द मानावा.

सायकलीबद्दल स्पष्ट मत द्यायचे, तर १४० मिलिमीटरचे सस्पेन्शन सह्याद्रीतील बहुतेक चालवण्याजोग्या वाटांना गरजेपेक्षा अधिक आहे. आपल्याकडे केवळ सायकलींसाठी बांधलेल्या, उड्यांच्या आणि कलत्या वळणांच्या वाटा फार थोड्या. आहेत त्या मुरमाच्या गाडीवाटा, धनगरवाटा आणि सडे. तेथे चांगली हार्डटेल पुरते आणि चढावर हलकीही पडते. परंतु नव्याने घेण्याचा प्रश्न नसून असलेली आणण्याचा आहे, त्यामुळे ती अवश्य आणावी. उतरणीच्या घसाऱ्यावर आपण तिचे आभारच मानाल. अडचण येईल ती देखभालीची. फोर्कच्या खालच्या नळ्यांची साफसफाई आणि तेल बदलणे दर पन्नासेक तासांच्या वापरानंतर करावे लागते, आणि आपल्या धुळीत त्याआधीच. हे काम नीट जाणणारे मेकॅनिक पुण्यात आहेत, पण थोडे आहेत, आणि सीलचे संच मागवून येण्यास आठवडे जातात. म्हणून फोर्क आणि मागचा शॉक या दोहोंचे सील-संच, मधल्या सांध्यांची बेअरिंगे आणि ब्रेकचे पॅड सोबत आणावेत.

ई-एमटीबीबाबत मात्र विमान कंपनीशी वाद घालण्यात वेळ दवडू नये. प्रवासी विमानात १६० वॉट-तासांपेक्षा मोठी लिथियम बॅटरी नेता येत नाही, आणि अशा सायकलींच्या बॅटऱ्या त्याच्या तिप्पट-चौपट असतात. बॅटरीवाचून सायकल आणली, तर तिच्याच मोटरला जुळणारी बॅटरी येथे मिळवणे कटकटीचे ठरेल. ती तेथेच विकावी आणि त्या पैशांतून पत्नीसाठी त्यांच्या मापाची हार्डटेल घ्यावी.

आणखी एक छोटा सुटा भाग आठवणीने आणावा : आपल्या सायकलीचा डिरेलर हँगर (मागचा डिरेलर फ्रेमला जोडणारा धातूचा तुकडा), निदान दोन नग. प्रत्येक मॉडेलचा तो निराळा असतो, सायकल दगडावर पडली की सर्वांत आधी तोच वाकतो, आणि खोक्यात भरण्यापूर्वी मागचा डिरेलर काढून ठेवला नाही, तर तो विमानातच वाकलेला निघतो.